दोन जावांचं घर

वडील गेल्यावर मी आईला निपाणीहून अनगोळला माझ्या फ्लॅटवर आणलं. हवेशीर खोली दिली, टीव्ही दिला. सकाळी आठला मी शाळेत शिकवायला निघायचो, बायको ऑफिसला, मुलगी कॉलेजला. संध्याकाळी सहापर्यंत आई तिसऱ्या मजल्यावर एकटी. तिने कधी तक्रार केली नाही. जेवण मात्र कमी झालं, आणि मी चप्पल काढायच्या आत ती बोलायला लागायची.

आठेक महिन्यांनी, एका रविवारी ती म्हणाली, "मला निपाणीला सोड."

"एकटी राहणार?"

"एकटी कशाला? तुझी काकी हाय की."

काकी म्हणजे तिची थोरली जाऊ. तरुणपणी दोघींनी एकाच पडवीत बसून विड्या वळल्या आणि तिथंच भांडल्याही. घराची वाटणी झाल्यावर बारा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. काकाही गेल्यापासून काकी एकटीच होती.

"तुमचं पटेल?" मी विचारलं.

"न्हाय पटलं तर भांडू. हितं भांडायला तरी कोण हाय?"

काकीला फोन तिनं आधीच केला होता. बारा वर्षांनी, आपणहून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. मला ते जमलं नसतं. अटीही ठरल्या होत्या. राहायचं काकीच्या घरी, पण शेगड्या दोन, कारण काकीचं तिखट आईला सोसत नाही. दुपारचं जेवण मात्र एकत्र बसून. लोक काय म्हणतील, या विचारानं मी पंधरा दिवस टाळाटाळ केली. शेवटी सोडून आलो.

दिवाळीनंतर एका सकाळी आई न्हाणीत घसरली. दाराला आतून कडी होती. काकीनं शेजाऱ्याला हाक मारून दार उचकटून घेतलं, आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत शेजारी बसली आणि मग मला फोन केला.

"मनगट मोडलंय. बाकी ठीक हाय. सावकाश ये, गाडी पळवू नको."

मी पोचलो तेव्हा काकी आईची वेणी घालत होती.

"जरा हळू ओढा की, आक्का," आई म्हणाली.

"गप बस. न्हाय तर तुझी तू घाल."

मी म्हटलं, "आई, आता चल परत."

आईनं आधी काकीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुझ्याकडं पडले असते, तर सहापर्यंत पडूनच ऱ्हायले असते रं." आवाजात राग नव्हता. होतं ते तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी न्हाणीच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. कडी काकीनं त्याआधीच काढून टाकली होती.

हात बरा होईपर्यंत काकीनं दोघींचा स्वयंपाक बिनतिखटाचा केला. स्वतःच्या ताटात वरून चटणी घ्यायची.

मागच्या रविवारी मी न सांगता गेलो, तर दाराला कुलूप. फोन केला. दोघी संकेश्वरला कुणाच्या बारशाला गेल्या होत्या. मागं बायकांचा गलका चाललेला.

"किल्ली शेजारी हाय," आई घाईत म्हणाली. "भाकरी डब्यात हाय, खाऊन घे. आमची वाट बघू नको, आम्हाला उशीर व्हईल."