दुबईला जायची बाटली

थेरेसा तुस्कानो मूळची वसईजवळच्या भुईगावची. लग्न करून फेलिक्सबरोबर दुबईला आली, अल मनखूलच्या एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला लागली आणि तिथलीच झाली. बाई फटकळ, पण अडल्यानडल्याला धावून जाणारी. नव्याने आलेल्या वसईकराला खोली शोधून देणं आणि काय खायला कुठे मिळतं ते सांगणं हे खातं तिच्याकडेच. डुकराचं मटण हवंय? मोठ्या सुपरमार्केटच्या मागच्या बाजूला वेगळी खोली असते, मुसलमान नसलेल्यांसाठी अशी पाटी लावलेली. तिथे राजरोस मिळतं, लाजायचं कारण नाही. खसखस मात्र गावाहून आणायची नाही. नव्या माणसाला चहा विचारायच्या आधी ती हे बजावायची. डुक्कर चालतं आणि खसखस चालत नाही, ह्याचं लोकांना हसू यायचं. थेरेसाला कधी आलं नाही. खसखस म्हणजे अफूचं बी, आणि इथला कायदा त्यात थट्टा चालवून घेत नाही.

आता गंमत बघा, तिच्या माहेरचा बाटली मसाला खसखशीशिवाय होतच नाही. दर मे महिन्यात आईच्या अंगणात शेजारच्या बायका जमायच्या. मिरच्या, धणे, तीळ, गहू, सगळं भाजून कुटायचं आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचं. लेक दुबईला गेल्यापासून आईने नवी रीत पाडली होती. खसखस पडायच्या आधी लेकीचा वाटा बाजूला काढायचा, आणि ओळखायला त्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा. इतक्या वर्षांत त्यात कधी चूक झाली नव्हती.

ह्या डिसेंबरात ती बाटली घेऊन क्रिस्टोफर निघाला. क्रिस्टोफर थेरेसाच्या भावाचा मुलगा. हॉटेलचा कोर्स करून घरी बसलेला. थेरेसाने अनेकांच्या मिनतवाऱ्या करून त्याला दुबई मरीनाच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये लावून दिलं होतं. एअरपोर्टवर बॅग उघडली, बिअरच्या बाटलीत तपकिरी पावडर निघाली. ऑफिसरने हिंदीत विचारलं, ह्यात काय आहे? आणि आमचा शहाणा, लहानपणापासून आजीच्या मांडीवर पाठ झालेली यादी धडाधड म्हणून मोकळा झाला. मिरची, धनिया, तिल, खसखस. ऑफिसरने पेन खाली ठेवलं.

थेरेसाला फोन आला तेव्हा ती क्लिनिकमध्येच होती. तिथे कागदपत्रांचं काम बघणारे मुनीरभाई रत्नागिरीचे, अरबी बोलणारे. ते तिच्याबरोबर निघाले. बऱ्याच विनवण्यांनंतर काचेपलीकडे क्रिस्टोफर दिसला. एका दिवसात पोराचा चेहरा उतरला होता.

"आत्या, मी खोटं नाही बोललो. त्याने विचारलं, म्हणून सांगितलं."

"अरे, पण विचारलं तेवढंच सांगायचं ना! मसाला म्हणायचं आणि गप्प बसायचं." मग तिला एकदम सुचलं. "बाटलीला लाल दोरा होता?"

"होता. आजीने माझ्यासमोर बांधला."

थेरेसाच्या जिवात जीव आला. बाहेर येऊन तिने मुनीरभाईंना सगळी रीत समजावली. त्यांनी मान हलवली. "मग घाबरू नका, ताई. सॅम्पल लॅबमध्ये गेलंय. त्यात काही नसेल तर खलास, मुलगा घरी. काही निघालं तर मात्र केस होईल. नोकरी तर जाईलच, पुढे काय ते कोर्ट ठरवेल. इन्शाल्ला, काही निघणार नाही."

"निघणारच नाही. माझी आई आहे ती," थेरेसा म्हणाली.

ह्या एका वाक्यावर तिने पुढचे दिवस काढले. हॉटेलला तिने पोराला ताप असल्याचं कळवलं. भुईगावला भावाने आईला सांगितलं की क्रिस्टोफरचं ट्रेनिंग चाललंय, फोन वापरायला परवानगी नाही. आईचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, तिच्या कानावर हे घालायची कुणाची छाती नव्हती. फेलिक्स एकदा जेवताना चाचरत म्हणाला, "तुझ्या आईचं वय झालंय आता. चुकून..." थेरेसाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. नाताळासाठी आणलेलं पोर्क फ्रीझरमध्ये तसंच पडून होतं. लेक सोफिया रोज एकच विचारायची, "ममा, ही विल बी हिअर फॉर क्रिसमस, राइट?" आणि थेरेसा दर वेळी ठणकावून हो म्हणायची. मनातून मात्र ती पार खचली होती. रिपोर्ट येत नव्हता.

रविवारी मिसाहून परतल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला. आईचं बोळकं तोंड, गळ्यातली क्रुसाची माळ, मागे भाताची पोती.

"मसाला पोचला ना गं?"

"पोचला, आई." थेरेसाने आवाज जमेल तेवढा सहज ठेवला. "नेहमीसारखाच केलास ना ह्या वेळी?"

आई गालात हसली. "कळलं वाटतं तुला. चवीवरून कळलं?"

"काय कळलं?"

"गेल्या नाताळात तू म्हणाली होतीस ना, आई, तुझ्या मसाल्याचं कालवण हल्ली हॉस्पिटलच्या जेवणासारखं लागतं. फार लागलं ते मला. म्हटलं, मी अजून किती वर्षं कुटणार, आणि लेक तिथे पाणचट कालवण खाणार. घातली मूठभर खसखस. अगदी पिठासारखी केली, कुणाला दिसायची नाही. दोरासुद्धा बांधला वरून."

थेरेसा पलंगाच्या कडेवर बसली. असं आपण म्हणालो होतो. थट्टेत म्हणालो होतो, हसत, तोंडात घास असताना. लॅबच्या रिपोर्टची आता गरज उरली नव्हती. तिला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचं कुणावर ते कळत नव्हतं. दारात फेलिक्स उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"गप्प का झालीस?" आईने फोन आणखी जवळ धरला, तिचा एकच डोळा पडदाभर झाला. "सांग ना. चांगलं झालं का कालवण? क्रिस्टोफरने खाल्लं?"

"खाल्लं, आई. दोनदा वाढून घेतलं."

"बघ," म्हातारी खुलून म्हणाली. "उगाच घाबरत होतीस इतकी वर्षं. आता दर वर्षी तसाच पाठवते."

"पाठव," थेरेसा म्हणाली.