ताईच्या व्हॅनचा हीटर

गाडीतली वीज कुठे अडली ते शोधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून सगळे त्याला झटपट म्हणत आणि तोही त्या नावाला ओ देई. अशा झटपटला सख्ख्या बहिणीच्या व्हॅनमधला हीटर अख्ख्या हिवाळ्यात दुरुस्त करता आला नाही.

व्हॅन म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन. निवृत्तीनंतर दोघांनी भटकायचं म्हणून ताईच्या नवऱ्याने ती हौसेने घेतली आणि निवृत्त व्हायच्या आधीच तो गेला. ताई म्हणाली, मी एकटी भटकेन. तेवढा हीटर चालू झाला की निघते, वर डोंगरात थंडी असते. तोवर व्हॅन भावाच्या परसात उभी राहिली आणि ताई भावाकडे राहिली. भाऊ सडाफटिंग. त्याच्या घरात पहिल्यांदाच चहाचे दोन कप निघू लागले.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो व्हॅनमध्ये शिरायचा. हीटरचं बटण दाबलं की पंखा घुर्र करायचा, लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प. मग तो बॅटरीला मीटर लावायचा, मग हीटरच्या तारांना.

"दोन्हीकडे साडेबारा व्होल्ट. सप्लाय ठणठणीत आहे, ताई."

त्याने फ्यूज बदलला. बटण बदललं. पंखा काढून, पुसून परत बसवला. हीटर ढिम्म. शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, "काय झटपट, नाव बदलायचं का आता?" झटपट म्हणाला, नाजूक काम आहे.

एका रविवारी भाजी चिरता चिरता ताईने विचारलं, "पंखा फिरत असताना कधी मोजलंस का रे?"

झटपटचे कान तापले. काहीच चालू नसताना गंजका जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. भार पडला की खरं काय ते कळतं. दुसऱ्या कोणाच्या गाडीत त्याने आधी तेच पाहिलं असतं. मुद्दाम केलं का? देवाशपथ नाही. त्याला ते सुचलंच नाही. पण सुचावं म्हणून त्याने फारसा जोरही लावला नाही, हेही तितकंच खरं.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"तुझ्या दाजींनी. गाडी घेतल्यापासून दुसरा विषय होता का त्यांना?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"इथे बरं वाटत होतं रे मला," ताई म्हणाली. "पण आता नाही निघाले तर कधीच निघणार नाही."

ताईने बटण दाबलं, त्याने हीटरच्या तारांना मीटर लावला. पंखा फिरला आणि आकडा घसरत नवावर आला. बॅटरीपाशी मात्र बारा. म्हणजे गोम मधेच कुठेतरी होती. पलंगाखाली हीटरची काळी, अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला नटाने जोडलेली होती आणि तिथे गंजाचा थर बसला होता. पॉलिश पेपरने घासला, तो लगेच गेला.

राहिला नट आवळायचा. पान्याचा अर्धा फेरा कमी दिला, तर खाचखळग्यांच्या रस्त्यावर तो आठवडाभरात सैल होणार. हीटर बंद पडणार. ताई परत येणार. कोणाला कळणारही नव्हतं. पलंगाखाली उताणा पडून तो त्या नटाकडे बघत राहिला. त्याला रडू येत होतं.

"काय रे, अडकलास की काय?" ताईने वरून विचारलं.

"नाही गं," झटपट म्हणाला आणि फिरेनासा होईपर्यंत त्याने नट आवळला.