मोहाखालचा खराटा

वामनभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने सकाळी केला, तेव्हा मी गच्चीवरचे वाळलेले कपडे झटकत होतो. चंद्रपूरच्या ऊर्जानगराच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे कोळशाच्या धुळीपायी कपडे आधी झटकायचे आणि मग घडी घालायची. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. झोपेतच गेले. ओला नसलेला शर्ट उगाच पिळत मी उभा राहिलो, आणि मनात आलं ते भलतंच... आता मोहाखाली कोण झाडणार?

याच पुरवणीत त्यांचे जंगलावरचे लेख वाचून अनेकांना वाटायचं, हा माणूस एखाद्या झाडाखाली झोपडी बांधून राहत असेल. छे! उभा जन्म त्यांनी माझ्यासोबत वीज केंद्रात काढला. कंपनीच्या एकाच बसने आम्ही पाळीवर जायचो. क्वार्टरच्या खिडकीतून धुराड्यांखेरीज काही दिसत नसे. लिहायला बसण्याआधी ते कोऱ्या कागदावरून तळवा फिरवत, काळा झालेला तळवा मला दाखवत आणि हसत, "जंगलाचं लिहून राह्यलो अन् कागदावर पहा काय हाये!" घर म्हणाल तर ते आरमोरीच्या पलीकडे, त्यांच्या गावात. थोरला भाऊ वारल्यावर तिथे वहिनी, पार्वताबाई, एकट्या राहत होत्या. नाल्याकाठचा एक मोह त्या घराचा. कागदोपत्री नव्हे, पण त्याची फुलं दुसरं कुणी वेचायचं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. दरवर्षी त्या झाडाच्या वाळलेल्या मोहफुलांचं गाठोडं वहिनींकडून क्वार्टरवर यायचं आणि त्या दिवशी वामनभाऊ काही कामाचे नसत. निवृत्तीनंतर गावी जायचं, मागच्या खोलीत राहायचं, हे ठरलेलं होतं. खिडकीपाशी टेबल कुठे मांडायचं तेसुद्धा.

मग तो लेख आला. फुलं गळायला लागण्याआधी मोहाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करायची, ही तिकडची जुनी रीत. फुलं वेचायला सोपं जातं. पण वारा सुटला की तीच आग जंगलात शिरते. वामनभाऊंनी हे लिहिलं, आणि दुसऱ्यांवर बोट ठेवणं बरं नव्हे म्हणून स्वतःच्याच घरच्या मोहाचं उदाहरण दिलं, गावाच्या नावासकट. त्यांना तो प्रामाणिकपणा वाटला. मलाही वाटला, मी तर पाठ थोपटली होती. कुणीतरी तो लेख वनखात्यात वरपर्यंत पोचवला आणि त्या हंगामात गावाला मोहाखाली जायचीच मनाई झाली. फुलं जमिनीवर कुजून गेली.

ते धावत गावी गेले, सोबत मीही होतो. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. या म्हणाल्या नाहीत.

"भाऊ, तुमी तिकडं डोंगरच्या डोंगर कोळसा जाळून राह्यले, त्याचा पगार घेऊन राह्यले. आमी टोपलंभर पानं जाळली, तं काऊन पेपरात घातलं?"

वामनभाऊ अंगणातूनच मागे वळले. गाठोडं यायचं बंद झालं. मनाई पुढच्या वर्षी उठली, दार मात्र उघडलं नाही. या प्रश्नाला उत्तर देणारा एक लेख लिहायचाय, असं ते वरचेवर म्हणत. चार ओळी लिहीत आणि फाडत. मग त्यांनी दुसरंच काहीतरी सुरू केलं. दर फाल्गुनात आरमोरीची बस धरायची, गावाबाहेरच उतरायचं आणि मोहाखालची जागा तुराट्यांच्या खराट्याने स्वतः झाडून काढायची. जाळायचं नाही, झाडायचं. खराटा झाडाला टेकवून, घराकडे न जाता परत यायचं. त्या जागेवर वहिनी फुलं वेचतात, एवढं त्यांना गावातून कळायचं आणि तेवढ्यावर ते वर्ष काढायचे. निवृत्तीनंतर चंद्रपुरातच भाड्याच्या घरात राहिले. "वयनीनं एकडाव 'घरात या' म्हटलं पायजे," ते म्हणायचे. "मंग जातो." खराट्याचं मात्र त्यांना भारी कौतुक. "वर्षभर उन्हापावसात उभा राह्यते, पण सडत नाई. आपल्या मातीतली तूर हाये!" मीही मान डोलवायचो.

फाल्गुन लागला आणि मला घरी बसवेना. गेल्या आठवड्यात तीच बस धरून गेलो. मोहाखाली पाचोळा तसाच पसरलेला होता. पार्वताबाई खोडापाशी बसल्या होत्या, शेजारी एक नवा कोरा खराटा.

"झाडलं नाई अजून," त्या म्हणाल्या. "भाऊच झाडत."

खराटा नवा कसा, मी विचारलं. "तुराटी पावसात टिकते का हो? थे गेले की दरसाली मी जुना घरी नेवो. वावराच्या धुऱ्यावरची तूर निघाली का नवा बांधो, अन् त्यायच्या यायच्या आधी इथी ठेवो. त्यायले वाटे, थोच हाये."

एका खवल्यावरून साप ओळखणारा हा माणूस, आणि दरवर्षी हातात येणारा खराटा नवा आहे हे त्याला दिसलं नाही! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"बाई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"आज बोलू, उद्या बोलू... थेही मान खाली घालून जात. यंदा हाक मारणार होती. बातमी आली तवा हा बांधून झाला होता."

मी तो खराटा घेऊन झाडू लागलो. मला ते धड जमेना. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि जागा स्वच्छ झाडून काढली. मग म्हणाल्या, "घरात चला. च्या पिऊन जा."

जे शब्द ऐकायला वामनभाऊ इतकी वर्षं येत राहिले, ते मला पहिल्याच फेरीत मिळाले. मला फार लाज वाटली, तरी मी त्यांच्या मागोमाग गेलो. खराटा त्यांनी झाडाला टेकवला नाही, सोबत घेतला. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबलापुरती एक जागा मोकळी होती, सारवलेली. तिथे त्यांनी तो उभा करून ठेवला आणि त्या चहाला आधण ठेवायला गेल्या.