लवंगेचा वास

संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून तो गवळी गिऱ्हाइकासमोरच धार काढायचा आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात द्यायचा. किडलेल्या दाढेत कायम लवंग धरलेली, त्यामुळं पेला द्यायला वाकला की दुधाआधी लवंगेचा वास यायचा. म्हैस नुसती खोकली तरी डॉक्टरला बोलावणारा हा माणूस, पण ‘दाढ दाखवा की’ म्हटलं की खेकसायचा, “दाढंनं कोण मेलंय व्हय कवा?”

एकदा सुजलेल्या गालानंच हसत म्हणाला, “पावणं, ठणका थांबला की!” त्या खुशीत त्यानं माझा पेला फेसासकट पुन्हा भरला.

दाढ आतून मेली होती, म्हणून ठणका थांबला होता. पू गळ्यात उतरला आणि चार दिवसांत श्वास कोंडून तो गेला.

आता त्याची बायको धार काढते. पेला तोंडाशी नेला की मी अजून क्षणभर थांबतो, लवंगेचा वास येईल म्हणून.