चपलांपाशी घेतलेला श्वास

बुऱ्हाणपूर स्टेशनच्या पुलावर मी अर्ध्या पायऱ्या चढून थांबले. पिशवी खाली ठेवली, कठडा धरला आणि स्वतःच्या छातीतली शिट्टी ऐकत उभी राहिले. वरून नानांचा आवाज आला, "रुको भई, आपली योगिनी दमली!" सोडायला आलेले सगळे हसले. दादाही हसले, माझे वडील. माझं नुकतंच लग्न झालं होतं, नवऱ्यामागे मी जर्मनीला निघाले होते, आणि गाव सोडताना कानात राहिलं ते हे हसणं. आई तेवढी हसली नाही. तिने माझी पिशवी उचलली आणि पुढे चालू लागली.

बुधवाऱ्यात, आपल्या त्या मोहल्ल्यात, राहिलेल्यांनो, तुम्ही नानांना ओळखताच. माझ्यासारखे जे बाहेर पडले तेही विसरले नसतील. नाना माझे थोरले काका, शाळेत मास्तर, आणि रोज सकाळी देवळाच्या सभागृहात योगाचा वर्ग घेणारे. अर्धी गल्ली त्यांच्याकडून पद्मासन शिकली. मलाही शिकायचं होतं. दम्याच्या पोरीला तर शिकायलाच हवं होतं. पण नानांच्या वर्गात भिंतीला टेकायचं नाही, बुडाखाली कापडाची घडी घ्यायची नाही, मध्ये थांबायचं नाही. मी थांबायची. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पाहुणे येऊन बसले होते, आणि नानांनी सगळ्यांदेखत मला रांगेतून उठवलं. "हिच्या छातीत दम नाही. हिला चपला राखू द्या." अख्खा कार्यक्रम मी दाराशी बसून लोकांच्या चपला राखल्या. घरी आल्यावर दादा म्हणाले, "मोठा भाऊ आहे माझा. बोलला तर बोलला." हे वाक्यही मी नानांच्या वाक्याशेजारी जपून ठेवलं आहे.

लाइपझिगला गेल्यावर मला इंटिग्रेशन कोर्सला बसावं लागलं. नव्याने आलेल्यांना तिथली भाषा आणि रीतभात शिकवतात. खुर्च्यांवर बसून सगळ्यांच्या पाठी आखडल्या, तेव्हा शिकवणाऱ्या बाई मला म्हणाल्या, तुम्ही भारतातल्या, जरा योग दाखवा की. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, "मी फक्त चपला राखल्या आहेत." वर्गाला तो विनोद वाटला. सगळे खो खो हसले, मीही हसले, आणि ट्राममध्ये बसल्यावर मात्र अंगाची लाहीलाही झाली. इतक्या लांब येऊनही नानांनी मला दाराशीच बसवलं होतं. त्या दिवशी ठरवलं, शिकायचंच. त्याच सभागृहात, नानांच्या नाकासमोर शीर्षासन करायचं आणि ते "बस कर" म्हणेपर्यंत उतरायचं नाही.

योगातून ज्यांना मनःशांती मिळाली त्यांना लखलाभ. मी चटई अंथरली ती सूड घ्यायला.

व्हिडिओ बघून मी अंग पिळत राहिले. मान आखडली, गुडघा दुखावला, शिट्टी काही थांबेना. डोळे मिटून बसावं तर समोर नाना. फोनवर आईपुढे एकदा रडले. आई जसोंडी गावची, केळीच्या मळ्यात वाढलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अवं, केळीले घड लागला का टेकू देतोच ना आपण? मंग तू काहून तशीच उभी राहते?"

तिनेच दिलेली गोधडी मी घडी करून बुडाखाली घेतली. हायत्सुंगच्या शेजारी, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्यांजवळ, भिंतीला पाठ टेकवली. काही करायचं नाही, फक्त श्वास बघायचा, एवढंच ठरवलं. नाना आलेच. पण या वेळी मला दिसलं, की ते आले की माझा जबडा आवळतो, श्वास आत जातो आणि तिथेच अडकून बसतो. दम्याच्या माणसाला श्वास घेण्यापेक्षा सोडणं जड जातं, आणि मी तर तो रागाने धरून ठेवत होते. मग मनात नुसतं म्हटलं, "आले नाना." आणि बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा हळूहळू श्वास सोडला. माफी वगैरे काही नाही, फक्त हवा सोडली. ते परत आले. मी परत सोडली.

सुरुवात कुठून करू, असं तुमच्यापैकी काही जणी विचारतात. इथूनच करा. टेकू घ्या, थोडाच वेळ बसा, पण रोज बसा. मनात कोण येतंय ते बघा, त्याला हाकलू नका, आणि श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. माझा इन्हेलर मी टाकला नाही, डॉक्टरीणबाईंचा टर्मिन, म्हणजे तपासणीची ठरलेली वेळही, कधी चुकवली नाही. शीर्षासन मला अजून येत नाही. पण कोर्समधल्या बायका माझ्या भिंतीशी येऊन बसायला लागल्या, त्यांचा पुढे वर्ग झाला, आणि त्या वर्गात चपला कोणीही राखत नाही.

मग एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आले. नाना खाटेवर होते. मोठ्या आजारपणानंतर त्यांना दोन वाक्यं सलग बोलवत नव्हती. सभागृहातला वर्ग केव्हाच बंद पडला होता. काकू मला म्हणाल्या, "तुले येतं ना ते, रंजू? यांले दाखव ना काही. डाक्टरबी म्हने, श्वासाचं काही करा." नाना लगेच फुरफुरले, "खुर्चीवर बसून... कसला योग? वो तो... बुढ़ियों का काम."

"हो, नाना. बसा," मी म्हटलं.

खुर्ची मी दाराशी लावली, चपलांजवळ. इथे वारा लागतो, असं कारण दिलं. वारा लागत होता हे खरं, पण कारण ते नव्हतं. नानांनी खाली चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मला फार बरं वाटलं, ते कशाला लपवू? पाठीमागे लोड दिला, तर ते त्याला टेकले. दादा ओसरीवरून बघत होते. या वेळी हसलं कोणीच नाही.

"चहावर फुंकर घालतात तसा सोडा. हळू. घाई कोणी केली नाही."

पहिला श्वास तुटला. दुसराही. मग एक जरा लांब गेला, आणि नानांनी वर बघून विचारलं, "बरोबर... होतंय का?" मी कधीकाळी त्यांच्याकडे अशीच बघायची.  त्यांना थोडं थांबू दिलं. मग म्हटलं, "होतंय."

मी त्यांना माफ केलेलं नाही. शिकवलं मात्र नीट, काही हातचं न राखता. नीट शिकवलं नसतं तर ते मला विसरले असते.

परवा काकूंचा फोन आला. "रोज सकायी खुर्ची दाराशीच लावायले सांगतात. अन् श्वास सोडतांना पुटपुटतात, रंजू म्हने तसा, हळू."

इतकी वर्षं नाना मनात आल्याशिवाय मला श्वास सोडता आला नाही. आता मी आठवल्याशिवाय त्यांना सोडता येत नाही. फिट्टंफाट! लोक विचारतात, तुझं घर कोणतं, इकडचं की तिकडचं? इकडे भिंतीशी माझी गोधडी आहे. तिकडे बुधवाऱ्यात चपलांपाशी एक खुर्ची आहे, आणि तिच्यावर मी बसत नाही.