एक नाव, पाचशे प्रती

तुम्हाला कधी दुसऱ्याच्या दुःखाचा हेवा वाटला आहे? लगेच नाही म्हणू नका. मीही नाहीच म्हटलं असतं.

तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नोएडातल्या एका प्रकाशनात आम्ही शाळेच्या पुस्तकांची प्रूफं तपासायचो. मी हिंदीची, तो इंग्रजीची. प्रूफ हातात आलं की तो वाचायला लागायचा नाही. लाकडी पट्टी सरकवत आधी फक्त माणसांची आणि गावांची नावं शोधायचा, मूळ प्रतीशी ताडायचा, आणि मग पहिल्या ओळीवर यायचा. मी घाई केली की म्हणायचा, "पहले नाम, छोटी. बाकी सब बाद में."

बेचाळिशीचा, उंच, झिम्बाब्वेतला, एनडेबेले समाजाचा. इथे शिकायला आला आणि राहिला. मेट्रोत लोक त्याला सरसकट नायजेरियन ठरवायचे. तो दुरुस्त करायचा नाही. "मेट्रो का प्रूफ मेरे पास नहीं आता," एवढंच.

मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनचे, करोल बागेतल्या आमच्या घरात फडताळात अंथरायलाही पत्रकंच असत, आणि मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या मुलखात काय घडलं, हे तो भेटण्याआधीच मला माहीत होतं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या सरकारने बंडखोर शोधण्याच्या नावाखाली एनडेबेले गावांत खास सैन्य घातलं. हजारो माणसं मारली, गायब केली. दुष्काळात धान्य अडवलं. मेलेल्यांसाठी रडायला बंदी होती. उलट, त्यांना पुरलं त्या जागेवर घरच्यांना नाचायला, गायला लावलं. या सगळ्याला नाव होतं गुकुराहुंडी, म्हणजे भुसा धुऊन नेणारा पाऊस. आपल्याच नागरिकांना भुसा समजणारं सरकार. सरळ माफी अजून मागितलेली नाही.

मला हे पाठ होतं. त्याच्या घरात ते घडलं होतं. हेव्याचं मूळ इथे आहे.

दोन वर्षं मी त्याच्या मागे लागले. चहाच्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर ठेवायचे. "गवाही दो ना, यार."

तो बिस्किट बुडवायचा. "चाय ठंडी हो रही है, छोटी."

मला संताप यायचा. एवढं सगळं पोटात घेऊन हा माणूस पाचवीच्या भूगोलातले स्वल्पविराम बघत बसतो. माझ्याकडे हे असतं तर मी दिल्ली हलवली असती. हो, असंच वाटायचं. आता लिहिताना लाज वाटते.

मग सर्वपित्री अमावास्या रविवारी आली आणि आईने त्याला जेवायला बोलावलं. बाबांनी जन्मभर श्राद्धाविरुद्ध पत्रकं काढली. ते गेल्यापासून आई त्यांच्याच नावाचं पान गॅलरीत ठेवते, वडे आणि खिरीसकट. आमच्याकडे कावळ्यांपेक्षा कबुतरंच जास्त. ती हाकायला तिने त्याच्या हातात वर्तमानपत्राची गुंडाळी दिली.

पान ठेवता ठेवता तिने विचारलं, "तुम्हारे पिताजी हैं?"

"नहीं, आई." तो तिला आई म्हणायचा. मला तेही खुपायचं.

"कब गए?"

"पता नहीं. मैं माँ के पेट में था. सैनिक ले गए."

"म्हणजे तिथीच माहीत नाही," आई स्वतःशीच म्हणाली, आत गेली आणि आणखी एक पान वाढून घेऊन आली. "जिनका दिन पता नहीं, उनका आज ही होता है. नाम बोलो."

त्याने वर्तमानपत्राची गुंडाळी खाली ठेवली. मग त्याने नाव सांगितलं. मग गाव. कोणत्या वाटेने नेलं ते. त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही, कारण बापाच्या मृत्यूचा दाखला नाही. त्यांच्यात गेलेल्या माणसाला वर्षाने विधी करून घरी परत आणतात. पण त्याच्या बापाला कबरच नाही, म्हणून तो विधी अजून झालेला नाही.

"कौआ नहीं आया तो?" त्याने विचारलं.

"आएगा. दिल्ली का है, लेट ही आता है."

तो हसला. मी खिरीचं पातेलं धरून दारात उभी होते. मला दोन वर्षांत मिळालं नाही ते आईला एका साध्या प्रश्नात मिळालं. जळले मी.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. माझं आजवरचं सर्वांत चांगलं. मथळ्याखाली त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि गाव. पाचशे प्रती छापून विद्यापीठाच्या मेट्रो स्टेशनाबाहेर वाटल्या. एक ऐटीत त्याच्या टेबलावर ठेवली.

त्याने पट्टी सरकवत शेवटपर्यंत वाचलं. एकही खूण केली नाही.

"गाँव में अब उन मौतों की सुनवाई हो रही है," तो म्हणाला. "मुखिया के सामने, बंद कमरे में. चालीस साल से माँ ने यह नाम ज़ोर से नहीं लिया. वहाँ पहली बार लेनेवाली थी."

"पर दुनिया को पता तो चलना चाहिए," मी म्हणाले.

"चलना चाहिए. माँ के बाद."

त्या हिवाळ्यात तो नोकरी सोडून गेला. सुनावणीच्या दिवशी आईशेजारी बसायला. माझा निरोपही घेतला नाही. रविवारी त्याचा फोन येतो, तो माझ्या आईला. मी ओट्यापाशी भांडी घासते आणि नळ बारीक ठेवते, म्हणजे ऐकू येतं. सुनावणीत त्याच्या आईचा नंबर अजून लागलेला नाही. गावात म्हाताऱ्यांची यादी लांब आहे. ती रोज सकाळी दारासमोर बसून ओठ हलवते म्हणे, पण आवाज काढत नाही. हे त्याने मला सांगितलेलं नाही, याचा अजूनही त्रास होतो.

तिने ते नाव अजून घेतलेलं नाही, म्हणून इथे मी त्याच्या वडिलांचं नाव लिहिलेलं नाही, त्याचंही नाही, गावाचंही नाही. पत्रकं जमतील तेवढी परत गोळा केली. उरलेली तुमच्यापैकी कुणाकडे असतील, एखाद्या पुस्तकात, बॅगेच्या खणात. मजकूर ठेवा, तो खरा आहे. फक्त मथळ्याखालची ओळ काळ्या पेनने पूर्ण खोडा. फोटो काढला असेल तर पुसून टाका. आणि ते नाव वाचलंच असेल, तर एवढ्यात कुणासमोर उच्चारू नका. ते आधी तिला उच्चारू द्या.