चारच्या पॅसेंजरचं जुनं वेळापत्रक

आमच्या वाडीत घड्याळ कुणाकडेच नव्हतं, पण रूळ होते. शहापूरच्या स्टेशनाला लागून आमची पंधरा-वीस घरं. मूल जन्मलं की त्याची वेळ गाडीवरून लक्षात ठेवायची. कुणी मेल गेल्यावर झालेला, कुणी मालगाडी घाटाकडे निघताना. मी चारच्या पॅसेंजरला झाले. गाडीने भिंत हादरली आणि मी टाहो फोडला, असं आई सांगायची. आवाज तेव्हापासूनच मोठा, असं बापूस सांगायचा.

पुढे पत्रिका मांडायची म्हटली की पंचाईत. चारची पॅसेंजर म्हणजे नक्की किती वाजता? रेल्वे तर गाड्यांच्या वेळा सारख्या बदलायची. या अडचणीतूनच आमच्या शेजारी एक मंडळ उभं राहिलं. मंडळ म्हणजे तीन माणसं आणि एक पत्र्याची पेटी. शेजारचे काका स्टेशनात सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, तो दांडा त्यांच्या हातात. नवं वेळापत्रक लागलं की जुनं टाकून देत, ते काका घरी आणत. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी ती सालवार लावून ठेवत. पेटी वाण्याची. लढाईत कागद मिळेनासा झाला, तेव्हा वाणी एकदा नुसतं म्हणाला, "यातल्या दोन पानांत साखर बांधली तर?" गुरुजी त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

कसर लागू नये म्हणून पानापानांत कडुलिंबाचा पाला, शिवाय दर उन्हाळ्यात अंगणात ऊन. आमचे पापड आणि त्यांची वेळापत्रकं शेजारीशेजारी वाळायची. वारा सुटला की काका कागदांमागे धावायचे आणि धावताना पाय आमच्या पापडांत! "काका, कागद खाणार आहात का संध्याकाळी?" मी ओरडायची. ते म्हणायचे, "गप गो! पापड पुढल्या वर्षी पण होतील."

पार किन्हवलीपासून लोक यायचे. "पोरगी दुपारच्या गाडीला जाली. भाताला रोग पडलेला त्या साली." एवढ्या पुराव्यावर गुरुजी पान काढून वेळ सांगत, पैसा घेत नसत. कुणी विचारलंच, "पण गाडी लेट असली तर?" की काका उसळायचे. "माझ्या सांध्यावर? तीस वर्षं दांडा ओढला. माझ्यापायी एक गाडी खोळंबली नाय!" ही फुशारकी आम्हाला तोंडपाठ होती.

मग मला धसईचं स्थळ आलं. मुलगा मी बाजारात पाहिला होता. भेंडी विकत होता, आणि माझ्याशी घासाघीस करताना हसला होता. मला तो आवडला होता, स्पष्टच सांगते, आता या वयात कशाची लाज? पण त्याचा चुलता पत्रिकेवर अडून बसला. एक दिवस तो त्यांचा जोशी घेऊन थेट आमच्या ओटीवर आला.

पेटी आमच्याकडे आणली. गुरुजींनी हात धुतले, माझ्या सालचं पान काढलं आणि वाचलं, "चार वाजून दहा मिनिटं." जोशीबुवांनी बोटं मोजली, ओठ हलवले आणि म्हणाले, "सातव्या घरात मंगळ."

मी दाराआड होते. मंगळाची मुलगी करून घेईल कोण? चुलत्याने अर्धा चहा तसाच खाली ठेवला आणि टोपी चाचपली. मला त्या गुरुजींचा असा राग आला! एखाद वर्ष मागचं पान उचललं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो माणूस मेला तरी खोटं वाचणार नव्हता.

"थांबा," काका म्हणाले. "त्या दिशी गाडी पाऊण तास लेट व्हती."

गुरुजी चष्म्यावरून बघायला लागले. "कशावरून?"

"मी झोपलो व्हतो. सांधा लावलाच नाय. गाडी सिग्नलाबाहेर उभी. म्हशी आडव्या आल्या, असं सांगितलं मी सायबाला."

गुरुजींचा आवाज चढला. "तीस वर्षं आमच्यापुढे छाती काढून फिरलात, आणि म्हशी?" जोशीबुवांनी मात्र पुन्हा बोटं मोजली. "पाऊण तास म्हणजे लग्नरास बदलली. मंगळ सहाव्यात जातो. काही दोष नाही." चुलत्याने टोपीवरचा हात काढला आणि चहा पुन्हा उचलला.

गुरुजी ते गुरुजीच. त्यांनी त्या पानावर लाल शाईत लिहिलं, "या दिवशी पाऊण तास उशीर. कारण सांधेवाल्याची झोप." आठवड्यात बातमी सगळ्या स्टेशनात. काका दिसले की हमाल घोरायचे आवाज काढत. वाणीसुद्धा चेकाळला होता. काका तोंड चुकवून निघून जात. मलाही हसू यायचं. लग्न ठरलेल्या मुलीला काय, सगळ्याचंच हसू येतं.

सासरी निघायच्या दिवशी आईने माझी ओटी भरली आणि कानाशी तोंड आणलं.

"गाडी येळेवरच आलती, बाय."

"म्हणजे?"

"तू रडलीस, नि गाडीमागोमाग काका दारात. हातात हिरवा बावटा तसाच. 'काय जालं, काय जालं' करत. मी बाजेवरून बघितलं ना त्यांना. गाडीच्या आधी पण दोनदा दाराशी येऊन इचारून गेलते. झोपलेला माणूस आसा येतो?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? तुला घरात ठेवू?"

बाहेर गाडी जुंपलेली होती. काका माणसांच्या मागे, कुंपणापाशी एकटे उभे होते. नमस्कार मघाशीच झाला होता. मी पदर सावरून परत गेले आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकलं.

"आगो, किती येळा?" काका ओरडले. "निघ आता. उशीर नको करूस."